‘मान्य आहे’ दाबल्यानंतर

किस्से गोळा करावे लागत नाहीत. एका जागी बराच काळ बसून राहिलं की ते आपोआप साचतात, पंख्याच्या पात्यांवर धूळ साचते तसे. आमचं बसणं लातूरला, एका बियाण्यांच्या दुकानावरच्या माडीवर. जिन्यात पाटी आहे, ‘कर्जदार व कामगार मदत केंद्र’. आम्ही तिघं आहोत. शिंदे सर बँकेतून शाखाधिकारी म्हणून रिटायर झालेले. रुखसाना वकील, लातूरच्याच जुन्या घरातली, वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान. आणि मी, जी येणाऱ्याचं ऐकून घेते आणि तक्रार लिहिते.

मोबाईलवर मिळणारं झटपट कर्ज, दुकानातली ‘शून्य व्याजा’ची खरेदी, महिना संपायच्या आत पगार देणारं ॲप. हे सगळं नवीन होतं, त्यामुळे त्याला नियमही धड नव्हते. ज्यांना ते भोवलं ती माणसं आमचा जिना चढायची. महिन्यातून काही दिवस आम्ही नांदेडलाही बसायचो.

संध्याकाळी खालून चहा येतो आणि तेवढ्या वेळात किस्से निघतात. आम्ही हसतोही. बाहेरच्या माणसानं ते हसणं ऐकलं तर त्याला आमच्याबद्दल वाईट वाटेल.

*

याकूबचाचा औशाचे. लग्नाच्या शेरवान्या आणि सफारी शिवतात. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाकडून उसने घेतले नाहीत आणि ते सांगताना ते कानाला हात लावतात. त्यांना एका सकाळी फोन आला, की तुम्ही दीपक नावाच्या माणसाचे जामीनदार आहात, तो पैसे देत नाही, तेव्हा तुम्ही द्या.

दीपक हा त्यांच्या गल्लीतला तरुण मास्तर, खासगी शाळेत गणित शिकवायचा. बहिणीच्या बाळंतपणात त्यानं ॲपवरून कर्ज काढलं होतं. ॲपनं पहिल्याच दिवशी त्याच्या मोबाईलमधले सगळे नंबर उचलून घेतले. कर्ज थकलं तसे त्या नंबरांना फोन सुरू झाले. मुख्याध्यापकांना गेला, भावी सासऱ्यांना गेला, आणि चाचांनाही.

चाचा आमच्याकडे आले ते कैफियत घेऊन नाही, शंका घेऊन.

“मॅडम, मी त्यांना इचारलं, माझी सही कुठं हाय? ते म्हणाले, सही लागत न्हाई, तुमचा नंबर दीपकच्या मोबाईलात हाय. आता बघा, औशात ज्याचं ज्याचं लग्न झालं त्याच्या मोबाईलात माझा नंबर हाय. मग मी काय समद्या औशाच्या नवरदेवांचा जामीनदार?”

आम्ही हसलो. चाचाही हसले. रुखसानानं कंपनीला नोटीस धाडली, चाचांचे फोन थांबले.

दीपकचे थांबले नाहीत. त्याचा फोटो, खाली ‘चोर’ असं लिहून, पालकांच्या ग्रुपवर पडला. ज्या मुलांना तो गणित शिकवायचा त्यांच्या आयांच्या मोबाईलवर. त्यानंतर तो शाळेत गेला नाही. पुढं सोयरीक मोडली आणि तो औसा सोडून गेला. कुठं, ते त्याच्या आईलाही नीट सांगता येत नाही. पुण्याकडं कुठंतरी, म्हणते.

चाचा अधूनमधून लातूरला अस्तर घ्यायला येतात, तेव्हा वर येऊन बसतात. दीपकची लग्नाची शेरवानी त्यांच्याकडं शिवून तयार आहे. गिऱ्हाइकानं नेली नाही की शिंपी ती खोलून दुसऱ्याला करतो, असा रिवाज. मी एकदा विचारलं, “तिचं काय केलंत चाचा?”

“तशीच हाय,” ते म्हणाले. “त्याचा खांदा जरा उतरता हाय ना. दुसऱ्या कुणाला बसायची न्हाई.”

*

सुनीता मूळची लोह्याची. नांदेडला एका खासगी दवाखान्यात आया म्हणून कामाला आहे. आईला इन्शुलीन चालू झालं आणि डॉक्टर म्हणाले, औषध थंड ठेवा. म्हणून तिनं शून्य व्याजावर छोटा फ्रीज घेतला. दुकानातल्या विक्रेत्यानं तिचा मोबाईल मागून घेतला आणि ‘मान्य आहे, मान्य आहे’ असं दाबत गेला. “मला वाटलं गॅरंटीचं काहीतरी असंल,” ती म्हणाली.

त्या दाबादाबीत तिच्या नावावर फ्रीजबरोबर एक विमा निघाला होता आणि एका व्यायामशाळेची सभासदी. त्या व्यायामशाळेची सगळ्यात जवळची शाखा हैदराबादला होती. हप्ता ठरल्यापेक्षा जास्त कापला जाऊ लागला, सुनीतानं बँकेत जाऊन तो बंद केला आणि आमच्याकडे तक्रार दिली. कंपनीनं उत्तर पाठवलं, की ग्राहकानं सर्व अटी मराठीतून वाचून संमती दिलेली आहे.

शिंदे सरांनी त्या मराठी अटी मागवल्या. त्या कुणा माणसानं लिहिल्या नव्हत्या, इंग्रजीवरून यंत्रानं केल्या होत्या. सर मोठ्यानं वाचत होते, सुनीता खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होती. एका जागी सर थांबले, चष्मा पुसला आणि परत वाचलं:

“कर्जदाराच्या फाशीनंतर सदर करार तात्काळ लागू होईल.”

इंग्रजीत करार ‘एक्झिक्यूट’ करतात, म्हणजे त्यावर सह्या करतात. यंत्राला त्या शब्दाचा दुसरा अर्थ जास्त आवडला होता. आम्हा तिघांना हसू आवरेना. सुनीता मात्र पांढरी पडली होती. तिनं आमच्याकडं आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, “एवढ्याशा फ्रीजला, सर?”



तक्रार चालू असतानाच कंपनीची माणसं तिच्या घरी गेली. सुनीता ड्यूटीवर होती, आई एकटी. त्यांनी फ्रीज उचलून टेम्पोत घातला. आतलं दूध आणि भाजी ओट्यावर काढून ठेवली, पण दारातल्या कप्प्यातलं औषध कुणी पाहिलं नाही. ते फ्रीजबरोबर गेलं. रुखसानानं नोटिशीत फ्रीजही परत मागितला आणि औषधाच्या बाटल्याही. कंपनीनं लिहिलं, “औषधाबाबत आमच्याकडे नोंद आढळत नाही.” मधल्या काळात सुनीता औषध दवाखान्यातल्या ओळखीच्या सिस्टरकडे ठेवायची आणि आईला रोज सुई टोचायला रिक्षानं तिथं न्यायची.

पुष्कळ भांडल्यावर फ्रीज परत आला. विमा आणि सभासदी रद्द झाली. आम्ही नांदेडला गेलो तेव्हा सुनीतानं चहाला घरी बोलावलं. फ्रीज ओट्याशेजारी होता. पण तो तिचा नव्हता. मॉडेल तेच, रंग तोच, मात्र दारावर एका शाळकरी मुलाचं वेळापत्रक चिकटवलेलं. सोमवारी चित्रकला, बुधवारी खेळ, आणि खाली रंगीत खडूनं काढलेली मोटार.

कुण्या दुसऱ्याच्या घरातून उचललेला फ्रीज त्यांनी हिला आणून दिला होता.

“कंपनीला सांगू या का?” मी विचारलं.

“सांगून?” सुनीता म्हणाली. “परत हा बी नेतील. त्या पोराकडं थोडाच पोचवणार हायत?”

वेळापत्रक तिनं काढलं नाही. फ्रीज पुसताना तेवढा कागद सोडून पुसते.

*

कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागाला सरांनी एकदा स्वतःच्या नावानं, स्वतःच्या नंबरवरून कडक पत्र पाठवलं. दुसऱ्याच दिवशी सरांच्या मोबाईलवर मेसेज आला: आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभारी आहोत, आपल्यासाठी झटपट कर्ज मंजूर झालेले आहे.

सर म्हणाले, “बत्तीस वर्षं मी लोकांना कर्जासाठी हेलपाटे घालायला लावले. मला शिव्या देताना लोक म्हणायचे, तुमच्यापेक्षा सावकार बरा. आता ते माझ्याबद्दल काय म्हणत असतील?”

रुखसाना म्हणाली, “म्हणत असतील, शिंदेसाहेब देवमाणूस. कर्जाला नाही म्हणायचे.”

*

पूजा आली तेव्हा आम्हाला वाटलं, कर्जदार असेल. ती कर्जदारही होती. पण नांदेडला एका वसुलीच्या ऑफिसात फोन करायच्या नोकरीला होती. म्हणजे याकूबचाचांना जसे फोन आले तसे फोन करणारी.

पहिल्यांदा रुखसाना तिच्याशी नीट बोलली नाही. पूजाच्या ते लक्षात आलं.

“मॅडम, आम्हाला लिहून देतात,” ती म्हणाली. “पहिल्यांदा ताई-दादा म्हणायचं. मग नावानं. मग अरे-तुरे. मग घरच्या बायामाणसावर यायचं. ते समदं लिहिलेलं असतंय. मी घरी जाऊन आंघोळ करते तरी जात न्हाई.”

ऑफिस एका टाइल्सच्या दुकानावर. रांगेनं मुली, प्रत्येकीच्या कानाला हेडफोन, प्रत्येक फोन रेकॉर्ड होणार, आणि मागून साहेब फिरणार. नोकरीला लागताना प्रत्येकीला कंपनीच्याच ॲपवरून थोडं कर्ज घ्यायला लावत. का, तर ‘प्रॉडक्ट समजलं पाहिजे’. टार्गेट चुकलं की पगार कापायचे, पगार कापला की हप्ता चुकायचा. पूजाचे दोन हप्ते चुकले.

वसुलीची नावं कंप्युटर वाटायचा. एका सकाळी पूजाच्या शेजारी बसणाऱ्या अर्चनाच्या पडद्यावर पूजाचं नाव आलं.

अर्चना तिची जिवाची मैत्रीण. दोघी एकाच डब्यात जेवायच्या. अर्चनानं साहेबांना विनवलं, हे नाव दुसरीला द्या. साहेब म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. मग अर्चनानं नंबर लावला. शेजारच्या खुर्चीत पूजाचा मोबाईल वाजला.

“उचलावाच लागतो,” पूजा म्हणाली. “न्हाई उचलला तर तिच्या नावावर फेल पडतंय.”

दोघींमध्ये एका हाताचं अंतर होतं. अर्चनानं पडद्यावर जे लिहिलं होतं ते वाचायला सुरुवात केली. पूजा बोलतायत का. तुमचा हप्ता थकलाय. मग पुढचं पान. तुला लाज न्हाई का. तुझ्या बापानं हेच शिकवलं का. पूजा तिच्या तोंडाकडं बघत ‘हाव मॅडम, भरते मॅडम’ म्हणत होती. साहेब मागं उभे होते.

“तिनं टेबलाखालून माझा हात धरला होता,” पूजा म्हणाली. “जितकं वाईट बोलायची तितका जोरात दाबायची. बांगडी फुटली.”

तिनं मनगट पुढं केलं. व्रण अजून होता.

रुखसाना उठून गेली आणि तिच्यासाठी पाणी घेऊन आली. कामगार म्हणून एक आणि कर्जदार म्हणून एक अशा दोन तक्रारी आम्ही केल्या. पूजाचा कापलेला पगार बराचसा मिळाला, तिनं ती नोकरी सोडली आणि आता एका झेरॉक्सच्या दुकानात आहे. अर्चनाच्या घरी तिच्याशिवाय कमावतं कुणी नाही. ती तिथंच राहिली. बढती मिळून आता ती मुलींच्या मागून फिरते. पूजाच्या लग्नात सगळ्यात जास्त तीच रडली, असं पूजा सांगत होती.

*

बालाजी निलंग्याकडचा. ॲम्ब्युलन्स चालवतो, गाडी मालकाची. मोबाईल त्यानं हप्त्यावर घेतलेला. हप्ता चुकला की हा मोबाईल कंपनी लांबून बंद करते. पडदा लाल होतो, त्यावर कंपनीचा नंबर दिसतो आणि तेवढाच लागतो. तो आणि पोलीस, ॲम्ब्युलन्स असे तातडीचे.

एका दुपारी तो एका म्हाताऱ्या पेशंटला घेऊन लातूरला निघाला. म्हातारा गाडीत, सोबत त्याची बायको. मुलगा पैशाची जुळवाजुळव करून मागून येणार होता. बालाजीनं मुलाचा नंबर मोबाईलमध्ये घेतला आणि त्याला दवाखान्याचं नाव सांगितलं. लातुरात पोचल्यावर त्या दवाखान्यात खाट नव्हती. त्यांनी दुसरीकडं पाठवलं. बालाजीनं मुलाला कळवायला मोबाईल काढला तर पडदा लाल.

हप्ता चार दिवसांपूर्वी चुकला होता. मालकानं पगार दिला नव्हता.

नंबर मोबाईलच्या आत. म्हातारीला पाठ नाही. पडद्यावरचा कंपनीचा नंबर तेवढा लागला. बालाजी त्यांना म्हणाला, “साहेब, माझा मोबाईल खोलू नका. फक्त आतला एक नंबर वाचून दाखवा. पेशंटच्या पोराचा हाय.” पलीकडचा माणूस म्हणाला, तसा अधिकार आम्हाला नाही, थकबाकी भरलीत की आपोआप उघडेल.

बालाजीनं पेशंटला दुसऱ्या दवाखान्यात सोडलं आणि रिकामी गाडी घेऊन पहिल्या दवाखान्याच्या फाटकाशी मुलाची वाट बघत थांबला. मुलगा आला तोवर संध्याकाळ व्हायला आली होती. त्याला गाडीत घालून बालाजीनं सायरन लावला. रस्त्यात सगळ्यांनी वाट दिली.

म्हातारा तोवर गेला होता. मुलाचं नाव घेत होता, असं म्हातारी म्हणाली.

आमच्या तक्रारीला कंपनीचं उत्तर आलं, की मोबाईल बंद असतानाही ॲम्ब्युलन्ससाठीचा तातडीचा नंबर चालू ठेवण्यात आला होता.

ते खरंच होतं. बालाजीला ॲम्ब्युलन्स बोलावता आली असती.

*

अशा किश्शांची चळत वाढत गेली, आमच्यासारख्या ठिकठिकाणच्या केंद्रांनी आपापल्या तक्रारी वर पाठवल्या, आणि शेवटी नव्या नियमांचा मसुदा निघाला. त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला मुंबईहून अधिकारी येणार होते. लातूरच्या एका सभागृहात सुनावणी ठरली.

आम्ही गोविंदरावांना बोलायला तयार केलं. गोविंदराव नांदेडला एका ठेकेदाराकडं वॉचमन होते. त्या ठेकेदारानं कामगारांच्या मोबाईलवर एक ॲप घालून दिलं होतं. जितके दिवस भरलेत तितका पगार महिना संपायच्या आधी उचलता यायचा, प्रत्येक वेळी थोडं सेवाशुल्क कापून. सुरुवातीला सगळे खूश. मग ठेकेदार पगार उशिरा करायला लागला. कुणी विचारलं की म्हणायचा, “ॲप दिलंय ना, त्यातून घ्या.” सेवाशुल्कातला वाटा त्याला मिळत होता, हे पुढं कळलं.

सभागृहात कंपन्यांची माणसं पहिल्या रांगेत होती. त्यांच्यातला एक जण छान मराठीत बोलला. हे कर्जच नाही, तो म्हणाला, हा कामगाराचा स्वतःचाच पैसा आहे, त्यामुळे याला कर्जाचे नियम लावू नयेत.

अधिकारी बाई तरुण होत्या, मनापासून ऐकत होत्या. त्यांनी गोविंदरावांना विचारलं, “काका, तुम्हाला काय वाटतं? हे कर्ज आहे की पगार?”

गोविंदरावांनी माईक हातात घेतला. लातूरचं सभागृह, तिथल्या प्रत्येकानं टँकरच्या रांगेत घागर धरलेली. ते म्हणाले, “ताई, हीर माझी हाय. पाणी माझं हाय. ह्यांनी हिरीवर झाकण टाकलं, अन् आता मलाच टँकरचं बिल देऊन राहिले. त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.”

टाळ्या वाजल्या. अधिकारी बाईंनी ते लिहून घेतलं. मागच्या रांगेत एक माणूस मोबाईलवर शूटिंग करत होता. आम्हाला वाटलं, पत्रकार.

पुढच्याच आठवड्यात गोविंदरावांची ड्यूटी किनवटला लागली, जंगलाच्या कडेच्या एका गोदामावर. बायको नांदेडला अंथरुणाला खिळलेली. त्यांनी पुष्कळ विनवण्या केल्या. ठेकेदार म्हणाला, “तुमच्या बोलण्याला टाळ्या पडतात काका, तुम्हाला कुठंबी काम मिळंल.”

नियम आले तेव्हा त्यात ते कलम होतं. कामगाराच्या पगारातून असं शुल्क कापता येणार नाही. सरांनी ते सांगायला किनवटला फोन लावला. रेंज येत-जात होती. गोविंदरावांनी ऐकून घेतलं.

“चांगलं झालं सर,” ते म्हणाले. “पोरांना उपेगी पडंल.”

सरांनी विचारलं, “वहिनी कशा आहेत?”

“मागच्या महिन्यात गेली,” गोविंदराव म्हणाले. “मी पोचलो न्हाई.”

*

नव्या नियमांमुळे आमची काही कामं खरोखर सोपी झाली. मोबाईलमधले नंबर उचलायला बंदी आली. नातेवाइकांना फोन करायला बंदी आली. आणि कर्जदार वारला असेल तर त्याच्या घरच्यांना वसुलीचे फोन करायचे नाहीत, जे असेल ते लेखी कळवायचं, असंही ठरलं.

या शेवटच्या कलमाखाली आमचं पहिलं प्रकरण सचिनचं. सचिन लातुरात मोटारसायकलवरून पार्सल पोचवायचं काम करायचा. औशाच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलं, जागच्या जागी गेला. मोटारसायकलच्या डागडुजीसाठी त्यानं ॲपवरून कर्ज घेतलेलं होतं. तो गेल्यावरही त्याच्या मोबाईलवर वसुलीचे फोन येत राहिले. त्याचे काका आमच्याकडं आले. म्हणाले, “वहिनी एकटी असती. रोज फोन येतो. बाईमाणसाला किती तरास.”

मृत्यूचा दाखला जोडून आम्ही नव्या कलमाचा आधार दिला आणि पत्र धाडलं. एरवी महिनोन्‌महिने न हलणारी कंपनी या वेळी लगेच हलली. फोन बंद केल्याचं कळवलं, कर्जही माफ केलं. पत्रात दुःख व्यक्त केलेलं होतं. इतकं स्वच्छ यश आम्हाला क्वचितच मिळतं. सरांनी खालून भजी मागवली.

काही दिवसांनी एक बाई जिना चढून आल्या. चापूनचोपून नेसलेलं लुगडं, हातात कापडी पिशवी. शकुंतलाबाई, सचिनची आई. आम्हाला वाटलं, आभार मानायला आल्या. खुर्ची दिली. त्यांनी पिशवीतून सचिनचा मोबाईल काढून टेबलावर ठेवला. चार्जिंग पूर्ण होतं.

“ह्याला काय झालंय बघा जरा,” त्या म्हणाल्या. “वाजायचा थांबलाय.”

रुखसाना म्हणाली, “मावशी, ते आम्हीच बंद करवलं. आता कुणी त्रास देणार नाही तुम्हाला.”

“तरास कुठला?” शकुंतलाबाई म्हणाल्या. “एक बाई फोन करायची. रोज सकाळी, माझी भाकरी झाली की. म्हणायची, सचिनजी आहेत का. मी म्हणायची, बाहेर गेलाय, येईल इतक्यात. ती म्हणायची, आल्यावर सांगा. मी म्हणायची, सांगते. कधी कधी लई रागानं बोलायची. पण नाव घ्यायची.”

सर खिडकीकडं बघत होते.

“गल्लीत आता त्याचं नाव कुणी काढत न्हाई,” त्या म्हणाल्या. “मला वाईट वाटंल म्हणून.”

मग त्यांनी मोबाईल उचलून पदरानं पुसला, पिशवीत ठेवला, आणि उठता उठता विचारलं, “ते परत चालू करायचं काही असतं का, मॅडम? अर्ज-बिर्ज?”

मी म्हणाले, नाही मावशी, तसं काही नसतं.

रुखसाना त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेली. वर आली ती सचिनची फाईल उघडून आपल्या कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रावर पोचले तेव्हा खोली उघडी होती. रुखसाना बाहेरच्या गॅलरीत पाठमोरी उभी होती, डोक्यावर ओढणी, कानाला मोबाईल. माझी चाहूल तिला लागली नाही.

“नमस्कार,” ती म्हणत होती. “सचिनजी आहेत का?”

पलीकडचं मला ऐकू आलं नाही.

“बरं,” ती म्हणाली. “आल्यावर सांगा.”